आमच्या घरमालकांचं वजन

काहीही न करता, नुसतं बसून, मुंबई ते गोवा अशा भर समुद्रातल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरलेला माणूस सबंध मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो आमचा घरमालक आहे. हे मी छातीठोकपणे सांगते. नुसतं बसून म्हणजे खरोखरच नुसतं बसून. सुकाणू धरायचं नाही, शीड ओढायचं नाही, नकाशात डोकं घालायचं नाही. होडीच्या काठावर पाय बाहेर सोडून बसायचं, आणि कॅप्टन ओरडला की उठून समोरच्या काठावर जाऊन बसायचं, एवढंच काम. पण त्या बसण्यासाठी या गृहस्थांनी जी तयारी केली, ती मी डोळ्यांनी बघितली आहे. माझ्या कंपनीतली निम्मी माणसं महिन्याचा पगार घेऊन तेवढं करत नाहीत, आणि बसून तर तीही असतात.

गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. हिंजवडीच्या कंपन्यांना लागून असलेल्या माणमध्ये त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मी बरीच वर्षं भाड्यानं राहिले, पण त्यांना माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही. त्यांचा नियम साधा होता. भाडेकरू ज्या गावचा, तेच त्याचं नाव. मी उदगीरची, म्हणून मी उदगीर. "ए उदगीर, मोटार बंद कर की! टाकी वाहतीया कवाची." माझ्या शेजारच्या खोल्यांत अकोला आणि जळगाव राहायचे, खाली कानपूर. पुढे जळगावचं लग्न ठरलं आणि मुलगी नेमकी अकोल्याची निघाली, तेव्हा अण्णांची जी काही तारांबळ उडाली म्हणता! "अकोल्याचं लगीन जळगावशी लागतंय, आन् पत्रिका वाटाय ह्यो अकोला हितं हिंडतोय. ह्ये काय हाय?" मी समजावून सांगायला गेले, तर मलाच गप्प केलं. "ऱ्हाऊ दे. जेवान हाय न्हवं? मंग झालं."

देहानं अण्णा भरभक्कम. जिन्यातून ते वर यायला निघाले की वरच्यानं मुकाट मागं फिरायचं, दुसरा इलाजच नसे. पण माणूस जागेवर बसणाऱ्यातला मुळीच नव्हता. कंपन्या यायच्या आधी त्यांची भाताची खाचरं होती, दारात बैलजोडी होती, आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, त्यांच्या शब्दाला मान होता. कुणाचा बैल घ्यावा, कुणाचा बांध सरकला, कुणाच्या घरी सोयरीक जमवावी, सगळं अण्णांना विचारून व्हायचं. मग खाचरांच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, घरात पैसा आला, खोल्या झाल्या, आणि अण्णांना विचारण्यासारखं गावात काही उरलंच नाही. भाडंसुद्धा मोबाइलवरून परस्पर जमा व्हायचं. सकाळी अंघोळ उरकून, टोपी घालून ते ओट्यावर येऊन बसत आणि कुणाला आपलं काही काम पडतंय का ते बघत राहत. कुणाला पडत नसे. मग ते स्वतःच काम काढत. अकोला रात्रपाळी करून पहाटे कुठे अंथरुणावर पडलेला असायचा, त्याच्या दारावर यांची थाप: "आरं उट की! सूर्व्या डोस्क्याव आला. कामाला न्हाई जायाचं व्हय?" अकोला बिचारा डोळे चोळत दार उघडायचा, "हो अण्णा" म्हणायचा आणि पुन्हा झोपायचा. उपकार केल्याच्या समाधानात अण्णा खाली उतरायचे.

अशा माणसाच्या आयुष्यात कॅप्टन आले. कॅप्टन म्हणजे तालुक्यातल्याच कासार आंबोली गावी बंगल्यात राहणारे एक निवृत्त गृहस्थ. जन्म सगळा मालवाहू जहाजांवर काढलेला, अंगानं काटकुळे, तोंडानं फटकळ. मुंबईला त्यांची स्वतःची शिडाची होडी होती. पावसाळ्यात तिची शिडं आणि दोर ठेवायला बायको बंगल्यात जागा देईना, म्हणून ते अण्णांचा रिकामा गोठा भाड्यानं मिळतो का ते बघायला आले होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. अंगणात अण्णांची जुनी बैलगाडी उभी होती. "बसा की," असं पाहुण्यांना म्हणून अण्णा स्वतः त्या गाडीच्या मागच्या टोकावर टेकले. त्याबरोबर गाडी उलाळ झाली. म्हणजे मागची बाजू धपकन जमिनीला लागली आणि पुढचं जू थेट आभाळात गेलं. आम्हाला हे नेहमीचं होतं. कॅप्टन मात्र गोठाबिठा विसरून त्या जुवाकडे बघत राहिले.

"वजन किती हो तुमचं?" त्यांनी विचारलं.

"तुमी भाड्याचं बोला," अण्णा उखडले. "माझ्या वजनाशी तुमाला काय करायचंय?"

मग कॅप्टननी तिथंच उभ्या उभ्या हातवारे करून सांगितलं. वाऱ्यानं शीड फुगलं की होडी एका अंगाला कलते. ती कलू नये म्हणून वर आलेल्या काठावर माणसं बसवायची. माणसं जितकी जड, तितकी होडी सरळ, आणि सरळ राहील तितकी पळेल. त्यांच्या होडीवर सगळी मंडळी सडसडीत होती आणि शर्यत येत्या थंडीत होती. अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हंजे गाडी उलाळ व्हऊ नये म्हणून फुडं माणूस बसवत्यात, तसंच की."

"अगदी तसंच."

"आन् तितं मी बसायचं?"

"पोहता येतं का?"

"मुळा नदीच्या डोहात जल्म गेलाय माझा."

"मग तुम्हीच."

अण्णा जरा थांबले. "माझ्याबिगर न्हाई व्हनार?"

कॅप्टनना खोटं बोलता येत नाही, हे मला पुढे चांगलं कळलं. ते म्हणाले, "तुमच्याएवढा दुसरा अजून तरी दिसला नाही." अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. किती वर्षांनी त्या माणसाकडे कुणीतरी काहीतरी मागितलं होतं, आणि तेही दुसऱ्या कुणाकडे नव्हतं असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या चहाच्या टपरीवर अण्णांनी जाहीर केलं, "मुंबईच्या शर्यतीत बोलावणं हाय मला. कॅप्टन म्हनला, तुमच्यासारखं वजन पंचक्रोशीत कुणाचं न्हाई." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण गावानं वजन या शब्दाचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. अण्णांची मुंबईत वट आहे, बोटीवाल्यांत त्यांचा शब्द चालतो, असं दुपारपर्यंत माणभर झालं. एकानं पोराला गोदीत चिकटवायची गळ घातली. दुसऱ्यानं विचारलं, बंदरावर आपला टेम्पो लागेल का, जरा वजन वापरा. अण्णा कुणाला नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत. "बगू," एवढंच म्हणायचे, आणि ओट्यावर पूर्वीसारखी माणसं येऊन बसायला लागली. मी एकदा चिडवलंच, "अण्णा, लोक भलतंच समजतायत बरं का." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "उदगीर, वजन म्हंजे वजन. कुटलं का असंना, कामाला आलं म्हंजे झालं. नुसतं वागवत बसन्यापरीस बरं न्हवं?"

कानपूरचा तर वेगळाच गोंधळ. मुंबईच्या बंदरापासून गोव्याच्या बंदरापर्यंत शर्यत, हे त्यानं ऐकलं आणि डोळे विस्फारून माझ्याकडे आला. "दीदी, अंकल बंदरों की रेस में जा रहे हैं? इस उमर में?" मी त्याचा गैरसमज काही दिवस तसाच ठेवला. तेवढी करमणूक भाडेकरूला हवीच.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती घरातच होती. अण्णांना साखर होती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि ते उतरवून घ्यायची जबाबदारी काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, हातात घेतली होती. सकाळी दुधीचा रस, दुपारी अर्धी भाकरी, रात्री मुगाचं पाणी. आणि इकडे कॅप्टनचा हुकूम, शर्यतीपर्यंत किलोभरसुद्धा कमी होता कामा नये. दर आठवड्याला काकू त्यांना पिठाच्या गिरणीत नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं करायच्या. त्या वेळी अण्णा हळूच शेजारच्या भिंतीवर हात टेकून निम्मा भार भिंतीला द्यायचे. कॅप्टन आले की तोच काटा, पण तेव्हा लेंग्याच्या दोन्ही खिशांत धोंडे. दोघंही खूश. हे बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी काकूंनी लेंगा धुवायला घेतला आणि बादलीचा तळ फुटला. त्यानंतर जे झालं ते मी इथे लिहीत नाही, पण ते वरच्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी तह झाला. शर्यत होईपर्यंत पोटभर जेवायचं, शर्यत संपल्याच्या दिवसापासून काकू म्हणतील ते. "आन् हितनं फुडं मला फसवलंत तर मीच तुमाला पाण्यात ढकलीन," ही काकूंची अट. अण्णांनी ती ताबडतोब मान्य केली.

एकदा परवानगी मिळाल्यावर सराव सुरू झाला. होडीनं दिशा बदलली की शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून फिरते, आणि तेवढ्यात सगळ्यांनी वाकून या काठावरून त्या काठावर जायचं असतं. कॅप्टन त्याला काहीतरी इंग्रजीत ओरडतात. अण्णांनी त्याचं नाव "पलटी" ठेवलं. अंगणात दोन ओटे होते आणि मधोमध कपडे वाळत घालायची दोरी. मी गच्चीवरून "पलटी!" ओरडायचं, की अण्णांनी एका ओट्यावरून उठून दोरीखालून वाकून दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसायचं. आधी आधी ते दोरीसकट पलीकडे पोचायचे. अंगावर जळगावचे शर्ट, डोक्यावर काकूंची ओली साडी, तशा अवतारात ओट्यावर पाय सोडून बसलेले. माझं ऑफिसचं कामही त्याच वेळी चालू असायचं. एकदा मीटिंगमध्ये माइक बंद करायला विसरले आणि साहेबांच्या बोलण्याच्या मधोमध जोरात "पलटी!" ओरडले. साहेबांनी आपला मुद्दा तिथल्या तिथे बदलला.

शर्यतीच्या दिवशी काकू मुंबईपर्यंत जाऊन ओवाळून आल्या. बरोबर लाडूंचा केवढा तरी डबा दिला. दुपारी त्या परतल्या तोवर मी टपरीवरच्या टीव्हीला माझा मोबाइल जोडून ठेवला होता. शर्यतीतली प्रत्येक होडी पडद्यावर एक ठिपका होऊन दिसत होती, आणि अण्णांचा ठिपका लाल होता. गावातले बैलगाडा शर्यतीचे निवेदक आपणहून येऊन उभे राहिले आणि त्यांनी घाटातल्या आवाजात सुरुवात केली, "आली, आली, आली! अण्णांची गाडी सुटली! माणकरांनो, टाळ्या!" पहिली संध्याकाळ नुसती धमाल. वारं भरपूर होतं, लाल ठिपका पुढच्या तिघांत होता. दुसऱ्या दिवशी तो ठिपका किनारा सोडून सरळ पश्चिमेला निघाला आणि टपरी एकदम शांत झाली.

"ह्ये कुटं चालल्यात?" काकू म्हणाल्या. "गोवा खाली हाय न्हवं? ह्यांना रस्ता कदी कळलाय! हिंजवडीच्या सर्कलला बी दोनदा चुकत्यात. पोरी, फोन लाव त्या कॅप्टनला. म्हनावं सरळ खाली जावा."

फोन लागण्यासारखा नव्हता. वारा जिकडे असेल तिकडे जावं लागतं, मग नागमोडी वळणं घेत खाली यायचं, असं मी त्यांना समजावू लागले. माझ्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि मी समुद्र समजावतेय! काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग इंजान का न्हाई लावत?"

"इंजिन लावलं तर शर्यतीतून बाद होतात, काकू."

"मंग व्हऊ दे बाद!"

आणि मग ठिपका थांबला. नुसता थांबला. वारं पडलं होतं. आजूबाजूचे ठिपके रांगत रांगत का होईना पुढे सरकत होते, लाल ठिपका मात्र जिथल्या तिथे. टपरीवर आधी कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण माणच्या रस्त्यावर तासन् तास न हलणारी गाडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. "टोलनाका असंल," कुणीतरी म्हणालं. पण तो दिवस गेला, रात्र गेली, ठिपका हलेना. निवेदकांचा आवाज बसला. गर्दी पांगली. राहिलेल्यांतला एकजण चहाचा घोट घेत म्हणाला, "अण्णाच्या वजनानंच बसली असंल बोट." सगळे हसले. काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी त्या हसणाऱ्यांकडे एकेक करून बघितलं आणि पदर खोचला. मला वाटलं होतं त्यांना होडीची काळजी आहे. तेव्हा कळलं, होडीची नाही. परत आल्यावर हा माणूस या लोकांसमोर, त्या ओट्यावर, कसा बसेल याची त्यांना काळजी होती. घरी येऊन त्यांनी पिशवी भरली आणि मला हाक मारली. "पोरी, गाडी सांग. गोव्याला जायाचंय."

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बाकीच्या होड्या कधीच्या येऊन बांधल्या गेल्या होत्या. त्यांच्यावरची मंडळी नाहून-जेवून फोटो काढत होती. आमची होडी सगळ्यात शेवटी आली. अण्णा काठावर पाय सोडून बसले होते, उन्हानं भाजून काळेठिक्कर पडलेले, दाढी वाढलेली. दोघांनी हात धरून त्यांना धक्क्यावर उतरवलं. पायाखालची जमीन हलतेय असं वाटत असावं, कारण ते दोन पावलं जाऊन थबकले. आमच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. माझा जीव अगदी तुटला.

काकू त्यांच्याकडे गेल्या नाहीत. त्या थेट कॅप्टनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "खरं सांगा. आमच्या ह्यांचा काय उपेग झाला का तुमाला?"

कॅप्टन दोर गुंडाळत होते. "पहिल्या दिवशी झाला. मग वारं पडलं. पडलेल्या वाऱ्यात वजन म्हणजे अडचण. उलट त्यांच्यामुळेच आम्ही मागे राहिलो."

त्या माणसाला बुकलून काढावं असं मला वाटलं. एवढं खरं बोलायची काय गरज होती!

"त्यांनी स्वतःच विचारलं मला," कॅप्टन दोराकडे बघतच म्हणाले. "मी सांगितलं. मग ते खाली जाऊन गप्प बसले. इकडे वर आमची भांडणं सुरू. मी जन्म काढलाय समुद्रावर, वारं पडलं की माणसं कशी वागतात ते मला ठाऊक आहे. एकमेकांचं तोंड बघवत नाही. मी चिडून म्हटलं, जास्तीचं सामान असेल ते सगळं पाण्यात टाका. तर हे तुमच्या लाडवांचा डबा घेऊन वर आले. म्हणाले, टाकू नका, खावा. मी म्हटलं, अहो, पोटात घातलं तरी वजन तेवढंच राहणार! तर म्हणतात, वजन ऱ्हाईल, पन राग जाईल." कॅप्टननी दोर खाली ठेवला. "मग घाटात मधोमध बसलेल्या एका बैलाची गोष्ट सांगितली. बैल करून दाखवला. आम्ही हसून हसून लोळलो. नंतर कुणी कुणावर ओरडलं नाही. वहिनी, त्यांचं वजन तुम्ही खुशाल उतरवा. पण पुढच्या वर्षी मला माणूस हाच पाहिजे."

काकूंनी मान फिरवून पदरानं डोळे टिपले, आणि मग खेकसल्या, "ह्ये त्यांना सांगा की! मला काय सांगताय?"

"त्यांना सांगितलंय," कॅप्टन म्हणाले. "सकाळीच."

आम्ही धक्क्याच्या टोकाला गेलो. आता, सगळं आटपल्यावर, मेलं वारं सुटलं होतं. पाणी हिरवं दिसत होतं आणि वाऱ्याची एकेक लाट त्याच्यावरून लांबपर्यंत पळत जात होती. अण्णांनी आमच्याकडे न बघताच काकूंना जवळ बोलावलं.

"अगं, बग की. तितं आत गेलं का चारी बाजूला ह्येच. कुंपान न्हाई, बोर्ड न्हाई, कुणाच्या नावाव न्हाई. पयल्या दिशी असंच वारं आलं, आन् समदं हालाय लागलं, तवा मला वाटलं खाचरातच बसलोय. आपलं भात पोटरीत आलं का असंच हालायचं, न्हवं?"

मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहिले, पण त्या जमिनीबद्दल दोघांपैकी कुणालाही बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकू पुढे झाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध समुद्र नीट बघून घेतला.

"भात बरं हाय," त्या म्हणाल्या. "पर पाणी लई झालंय. बांध फोडाय पायजे."

"व्हय," अण्णा म्हणाले. "सकाळी येतो फोडून."